शून्य नमुना

आमच्या धंद्यात शून्याला फार मान. एखाद्या पाल्यात विष किती हे सांगायचं, तर आधी अजिबात विष नसलेला पाला हाताशी लागतो. तो मोजायचा, त्याला शून्य म्हणायचं, आणि मग बाकीच्यांचं पाप तिथून मोजत जायचं. शिन्चू शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं हा शून्य नमुना माझ्या बापाच्या मळ्यातून यायचा. दर उन्हाळ्यात मी चहाचा एक डबा घेऊन यायचे, आणि शेजारच्या टेबलावरचा चिएन-हाव दोन्ही हात पुढे करून म्हणायचा, "आला बाई संतांच्या घरचा प्रसाद!"

मी तिथे चकत्या बनवते. नखाएवढ्या काचेवर चांदीचे कण बसवायचे, इतके बारीक की डोळ्याला नुसता करडा डाग दिसतो. त्यावर चहाचा थेंब टाकायचा, वाळवायचा आणि वरून लाल लेझर मारायचा. परत येणारा प्रकाश किंचित बदललेला असतो, त्याची उंचसखल रेघ पडद्यावर उमटते. ज्या त्या रसायनाची रेघ वेगळी. लांबून येणारा माणूस चालीवरून ओळखावा, तसं आम्ही ते ओळखतो. आमच्या प्रमुख येह मॅडम पाहुण्यांना सांगतात, की धरणात चमचाभर पडलं तरी आमची चांदी चहाडी करते. थोडं वाढवून सांगतात, पण फार नाही.

या कामात मी पडले ती आईमुळे. आमचं गाव चाकेंग, शिन्चूहून तासाभरावर डोंगरात. तिथे आमची संत्र्याची बाग होती. बाबा फवारायचे आणि आई मागून नळी ओढायची. फवारा वाऱ्याने मागे येतो, म्हणजे तो निम्मा तिच्याच अंगावर. सेहेचाळिसाव्या वर्षी तिचं यकृत गेलं. डॉक्टरांनी कारण सांगितलं नाही. बहुधा त्यांनाही ते माहीत नव्हतं. दवाखान्यात तिने बाबांना एकदाच विचारलं, "त्या औषधाचं का हो हे?" बाबा म्हणाले, "छे, काहीतरीच." मी पलंगाच्या पायाशी उभी होते, सतरा वर्षांची.

तिचे सात आठवड्यांचे सात विधी संपले, त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी संत्री मुळासकट उपटली आणि चहा लावला. आमच्याकडचा हा चहा फवारून चालतच नाही. त्याला तुडतुडे लागतात. तुडतुड्याने कोवळं पान चावलं की झाड चिडतं, आणि त्या चिडण्यातून चहाला मधाचा वास येतो. औषध मारलं की तुडतुडे मेले, आणि तुडतुडे मेले की चहा मेला. गावात त्याला फुशारकीचा चहा म्हणतात. त्याचा भाव ऐकून पूर्वी कुणाचा विश्वास बसायचा नाही म्हणून. संत्र्याच्या औषधाने भिजलेल्या त्या जमिनीत तुडतुडे यायला सहा वर्षं लागली. बाबा रोज सकाळी पानं उलटी करून बघायचे. सातव्या वर्षी त्यांनी मला वसतिगृहावर फोन केला आणि म्हणाले, "आमोइ, आले गं." आमोइ म्हणजे पोरगी, त्यांनी मला दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही. फोनवर ते रडत होते हे मला कळलं.

आपली जमीन आता स्वच्छ आहे, एवढ्या एकाच गोष्टीवर तो माणूस जगत होता. मी त्यांची मुलगी असून सांगते, माझ्यावर नाही, त्या गोष्टीवर.

मळ्याच्या वरच्या अंगाला फानकाकांची संत्री. त्यांची आणि बाबांची चाळीस वर्षांची दोस्ती, म्हणजे रोज संध्याकाळी बुद्धिबळाच्या पटावर चाळीस वर्षांची भांडणं. फानकाका फवारायचे, पण आदल्या दिवशी सांगून, वारा बघून, आणि आमच्या बाजूच्या चार ओळी तशाच सोडून. "तुझ्या किड्यांसाठी माझी संत्री किडवतोय," असं म्हणायचे. दर नव्या वर्षाला त्या चार ओळींतली खरबरीत, डागाळलेली संत्री टोपलीभर आमच्याकडे पाठवायचे आणि वर म्हणायचे, "घ्या, तुमच्या नातलगांनी चावलेली."

या वर्षी शेतकरी संघाने ठरवलं, की चहाच्या स्पर्धेत येणारा प्रत्येक डबा आधी आमच्या चकत्यांवर तपासायचा. स्पर्धेचा नियम कडक: बंदी असलेलं औषध सापडलं, कितीही थोडं सापडलं, तरी डबा बाद. जुलैच्या पहिल्या शनिवारी संघाच्या सभागृहात मी सगळ्यांसमोर करून दाखवायचं ठरलं.

त्याच्या आधी महिनाभर तोडणी झाली. तोडणीला आठ बायका, सगळ्यांत तरुण ती अडुसष्ट वर्षांची. एक शेंडा, दोन पानं, नखाने खुडायची. दिवसभरात बोटं काळी पडतात, चिरतात, आणि चिरांत रस गेला की अशी आग होते की रात्री भाताची वाटी धरवत नाही. आ-क्विन आजी चौऱ्याहत्तरची. आई गेल्यावर तिनेच मला दोन वर्षं डबे करून घातले. तोडणीच्या पहिल्याच दिवसांत मी तिची बोटं बघितली. प्रयोगशाळेत चकत्या उचलताना आम्ही बोटांना रबरी टोप्या घालतो, फुग्यासारख्या पातळ. त्याची दोन पाकिटं मी तिला पाठवून दिली. तिने टोप्या चढवलेला हात मला फोनवर दाखवला. "बघ, आता माझी बोटं नव्या नवरीची!" मागून बाबा ओरडले, "आमोइ, बरं केलंस! सकाळपासून कुणी कण्हत नाहीये, गप्पा मात्र दुप्पट झाल्यात."

शनिवारी सभागृह भरलं होतं. बाबा पुढच्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. शेजारी फानकाका. मी यंत्र मांडलं, चकत्या मांडल्या आणि बाबांचा नवा डबा उघडला. शून्य नमुना आधी प्रयोगशाळेत तपासून मगच बाहेर न्यायचा, हा आमचा पहिला पाठ. नव्या पोरांना मी तो स्वतः शिकवते. पण डबा बापाचा होता. मी तो तपासला नाही. खरं सांगायचं तर मनात तपासायचं आलंसुद्धा नाही.

"हा आमच्या घरचा चहा," मी म्हटलं. "यात काही नाही. तुमच्या चहात किती आहे ते याच्याशी ताडून बघायचं."

"म्हणजे आम्ही सगळे पापी आणि ल्यू त-शुन एकटा देव!" मागून कुणीतरी म्हणालं. बाबा हसले. मान खाली घालून, लाजून हसले.

मी थेंब टाकला, वाळवला, लेझर लावला. भिंतीवर मोठी करून दाखवलेली रेघ सरळ जायला हवी होती. ती मध्येच उठली. मग पुढे अजून एकदा उठली.

ती चाल मी झोपेतही ओळखली असती. थायरम. बियाण्याला चोळतात ते बुरशीचं औषध.

"माझे हातमोजे असणार," मी घाईने म्हटलं. "रबर टिकावं म्हणून त्यातही हेच रसायन घालतात. आमच्याकडे नवशिक्यांची नेहमी अशी फजिती होते." लोक हसले. मी मोजे काढले, साबणाने हात धुतले, नवी चकती घेतली, स्टीलच्या चिमट्याने पाला उचलला. रेघ पुन्हा उठली, अगदी त्याच जागी. आता कुणी हसलं नाही.

शांतता फार वाढली की फानकाकांना काहीतरी बोलल्याशिवाय राहवत नाही, हा त्यांचा स्वभाव. ते बाबांच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "नाव उगीच नाही पडलं रे, फुशारकीचा चहा!"

त्यांना फक्त हसवायचं होतं. मला माहीत आहे, आणि बाबांनाही माहीत असणार. पण बाबा उभे राहिले.

"वरून काय सोडलंस?" त्यांनी विचारलं.

"काय सोडलं?"

"माझ्या मळ्यात एक थेंब जात नाही. वर तूच आहेस. काय मारलंस ते सांग."

"त-शुन, डोकं ठिकाणावर आहे का? हे औषध मी आयुष्यात हातात धरलं नाही."

"चार ओळी सोडतो म्हणून गावभर मिरवतोस, आणि मी निजलो की फवारतोस!"

फानकाकांचा चेहरा पांढरा पडला. ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी माझी संत्री तुझ्या किड्यांच्या तोंडात घातली. तुझी बायको गेली तेव्हा सात आठवडे तुझ्या दारात बसलो. आणि हे?" मग टोपी उचलून ते निघून गेले. संघाच्या सचिवांनी हळूच माझ्याकडे येऊन विचारलं, की वहीत काय लिहायचं. मी म्हटलं, "सापडलं ते लिहा." दुसरं काय म्हणणार होते मी? खोटं बोलायचं नाही, हे मला त्या इस्त्रीच्या शर्टातल्या माणसानेच शिकवलं होतं.

घरी जाताना बाबा गाडीत एवढंच बोलले, "तुझ्या आईला मी छे म्हणालो होतो."

"बाबा, त्याचा याच्याशी काय संबंध?"

"वीस वर्षं मी ते 'छे' खरं करायला बघतोय," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. रस्ता वळणाचा होता, हात चाकावर होते, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढचे बारा दिवस मी माणसात नव्हते. मळ्यातली माती, विहिरीचं पाणी, ओढ्याचं पाणी, पाला सुकवायच्या टोपल्या, डब्याचं आतलं अस्तर, सगळं आणून तपासलं. फानकाकांच्या बागेतली पानं चोरून तोडली, तीही तपासली. कशातच काही नव्हतं. झाडावरचा ताजा पाला आणून लावला तर रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ. म्हणजे झाडावर नाही आणि डब्यात आहे. बाबांना फोन केला तर म्हणायचे, "जेवलो. झोपतो आता," आणि ठेवून द्यायचे. दुपारी तीन वाजतासुद्धा. येह मॅडम म्हणाल्या, "श्यांग-युन, सुट्टी घे. बापाचा नमुना मुलीने तपासू नये." त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच मला राग आला.

तेराव्या दिवशी सकाळी चिएन-हाव माझ्या चकत्या उचलून पेटीत ठेवत होता. मला खुलवायला म्हणून त्याने तर्जनीवरच्या रबरी टोपीवर पेनने डोळे आणि तोंड काढलं होतं. बोट माझ्यासमोर नाचवून म्हणाला, "काय ताई, बापाचा खुनी सापडला का?"

मी त्या बोटाकडे बघत राहिले. मग ती टोपी त्याच्या बोटावरून ओढून काढली, पाण्यात बुडवली, त्या पाण्याचा थेंब चकतीवर टाकला. चिएन-हावचं हसणं हळूहळू विरलं. रेघ उठली, पुढे पुन्हा उठली. सभागृहात होती त्याच्या दसपट उंच.

रबरात हे असतं हे मी स्वतःच्या तोंडाने दोनशे माणसांना सांगितलं होतं. सांगताना स्वतःचे हात बघितले, धुतले, आणि हातांचा विषय मिटवला. तो पाला आधी ज्या आठ बायकांच्या हातांतून गेला होता, ते हात माझ्या डोक्यातच आले नाहीत. असली चूक शेतकरी करणार नाही, तोडणीवाली करणार नाही. ती करायला माझ्यासारखी शिकलेली बाई लागते.

तरी खात्री म्हणून मी आ-क्विन आजीला फोन लावला. टोप्या नक्की किती जणींनी घातल्या?

"सगळ्यांनी गं! दोन पाकिटं काय कमी असतात? फाटली की नवी चढवायची. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोटांना चीर नाही. पोरी, पुढच्या वर्षी चार पाकिटं पाठव हं. आणि ऐक, बाप तुझा नीट जेवत नाही. मोहरीच्या पाल्याचं सूप ठेवून आले, तर झाकणसुद्धा उघडलं नव्हतं."

"पाठवते, आजी," मी म्हटलं. तिला सांगायचं धैर्य मला झालं नाही. अजूनही झालेलं नाही.

बाबांना फोन लावला, सात वेळा. उचलला नाही. मी तशीच गाडी काढली. सगळी वाट मनात एकच वाक्य जुळवत होते: बाबा, विष नव्हतंच, जमीन स्वच्छ आहे. हे कानावर पडलं की ते आधी रागावतील, मग फानकाकांकडे जातील, दोघे एकमेकांना शिव्या घालतील आणि पट मांडतील. स्पर्धा गेली ती गेली. मी संघात उभी राहून माझी चूक सांगेन, नोकरी गेली तरी सांगेन. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला जरा भूकही लागली होती.

अकराच्या सुमाराला गाडी मळ्याच्या खालच्या वळणाला आली आणि मोटरचा आवाज ऐकू आला. मी काच खाली केली. नाकाला वास आला. लहानपणी शाळेतून येताना याच वळणावर तो वास यायचा, म्हणजे आज आईबाबा घरी नसून बागेत आहेत हे कळायचं.

बाबा मळ्याच्या मधोमध होते. पाठीवर नवी कोरी निळी टाकी, तोंडाला रुमाल. खालून वर एकेक ओळ भिजवत चालले होते. मी ओरडले, मोटरच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. ओळीतून धावत त्यांच्यापर्यंत गेले तेव्हा माझी पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली झाली होती. चहाची झाडं तशीच हिरवीगार, उन्हात चमकत होती. त्यांना काही झालं नव्हतं. फक्त पानांवरून, माझ्या बाहीवरून, बारीक हिरवे तुडतुडे गळत होते.

बाबांनी मोटर बंद केली. "तू ओली कशाला झालीस? जा, हातपाय धू."

"हे काय करताय?"

"बाटलीबंद चहावाल्यांना पाला देतोय. यंत्राने कापून नेतील. त्यांना मधाचा वास लागत नाही, पान बिनडागी लागतं." रोजच्यासारख्याच आवाजात बोलत होते. "तसंही विष आहेच, आमोइ. मग या किड्यांना तरी कशाला पोसायचं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, घाईघाईत, उलटसुलट. टोप्या, रबर, आजीची बोटं, चिएन-हावचं बोट, ताज्या पाल्याची सरळ रेघ. फानकाकांनी काही केलं नाही, तुम्ही काही केलं नाही, मी केलं. त्यांनी रुमाल खाली ओढला आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. 

"म्हणजे जमीन स्वच्छ होती," ते म्हणाले.

"होती, बाबा."

"कुठवर?"

मी त्यांच्या पाठीवरच्या टाकीकडे बघितलं. 

"आज सकाळपर्यंत," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग पानावरचा एक तुडतुडा बोटाच्या टोकावर घेऊन डोळ्यांजवळ धरला. त्याचे पाय अजून हलत होते. ते थांबेपर्यंत बाबा बघत राहिले आणि मग त्यांनी बोट शर्टाला पुसलं.

"बाबा, पुन्हा येतील. मागे आले होते ना? सहा वर्षं लागली, पण आले."

"मागे मी पंचेचाळीस वर्षांचा होतो गं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात माझ्यावर राग नव्हता, आणि मी तो अगदी मनापासून शोधत होते.

वर बांधावर फानकाका येऊन उभे राहिले होते. मोटर ऐकून आले असणार.  बाबांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, हात थोडासा वर केला, मग खाली घेतला.

"वरच्या तीन ओळी राहिल्यात," बाबा मला म्हणाले. "उरलेले सगळे किडे तिकडे पळालेत. पुढच्या महिन्यात पाला कापायला यंत्र येतंय, चहावाल्यांना शब्द दिलाय. तू बाजूला हो, वारा तुझ्याकडे आहे."

मी हलले नाही. त्यांनी मला दंडाला धरून ओळीबाहेर नेलं, वाऱ्याच्या उलट्या बाजूला, बांधाजवळ उभं केलं. रुमाल पुन्हा तोंडावर ओढला आणि मोटर सुरू केली.